घर दाखवण्याआधी कागद दाखवा

घराच्या करारनाम्याच्या पानापानावर आपण सह्या करतो. मुद्रांक शुल्क भरतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ताटकळतो, कॅमेऱ्यासमोर बसतो, अंगठा उमटवतो. कर्जासाठी बँक गठ्ठाभर कागद मागते, सोसायटी ना-हरकत पत्रासाठी अर्ज मागते. या साऱ्या व्यवहारात एकच माणूस कागदाबाहेर राहतो. ज्याने घर दाखवले, भाव सांगितला, ‘उद्या दुसरी पार्टी येतेय, आजच टोकन देऊन टाका’ असा आग्रह धरला आणि शेवटी लाख-दोन लाख रुपये घेतले, तो एजंट. त्याला कोणी नेमले होते? तो कोणाच्या बाजूने बोलत होता? त्याने आणखी कोणाकडून किती घेतले? मुंबई-ठाण्यात, पुण्यात, नाशकात, नागपुरात घर घेतलेल्या कुठल्याही कुटुंबाला हे विचारून पाहा. उत्तर मिळत नाही, कारण ते कुठे लिहिलेलेच नसते. आयुष्यभराची बचत आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते ज्या व्यवहारात गुंततात, तिथला हा अंधार दोन माणसांची खासगी बाब म्हणून सोडून देता येणार नाही. म्हणून हे मुद्दे.

१. रक्कम किरकोळ नाही, हे आधी मान्य करू. जुना फ्लॅट घेताना-विकताना आपल्या शहरांत साधारण १ ते २ टक्के दलाली प्रत्येक बाजूकडून मागितली जाते. समजा, फ्लॅट १ कोटीचा आहे. २ टक्क्यांचे २ लाख झाले. एजंट जीएसटीखाली नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी ३६ हजार. मुंबईत याच व्यवहारावर सरकार ६ टक्के मुद्रांक शुल्क घेते, म्हणजे ६ लाख. सरकारच्या त्या सहा लाखांमागे कायदा आहे, दरांचा तक्ता आहे, चलन आहे, पावती आहे. घर महिलेच्या नावावर असेल तर १ टक्क्याची सवलतही आहे. एजंटाच्या २ लाख ३६ हजारांमागे काय आहे? ‘या एरियात हाच रेट चालतो’ एवढे एक वाक्य. हा रेट ठरवला कोणी? रेरा कायद्यात दलालीचा दर नाही. महाराष्ट्र सरकारनेही तो ठरवून दिलेला नाही. म्हणजे तो देणारा आणि घेणारा यांनी आपसांत ठरवायचा आहे. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये शंभर रुपये वाढले तर सर्वसाधारण सभेत तासभर वाद घालणारे आपण इथे मात्र दोन लाखांवर एक प्रश्नही विचारत नाही. ‘रेट फिक्स आहे’ हे विधान खोटे आहे, आणि ते निमूटपणे ऐकून घेण्याची किंमत आपण लाखांत मोजतो.

२. आता मूळ प्रश्नाकडे येऊ: हा एजंट कोणाचा? जुन्या घराच्या व्यवहारात तो बहुधा दोन्हीकडून दलाली घेतो. विकणाऱ्याला सांगतो, ‘तुम्हाला चांगला भाव मिळवून देतो.’ घेणाऱ्याला सांगतो, ‘तुमच्यासाठी भाव खाली आणतो.’ दोन्ही आश्वासने एकाच तोंडून, एकाच फ्लॅटबद्दल. कोर्टात एकच वकील वादीकडूनही उभा राहिला आणि प्रतिवादीकडूनही, तर आपण ते क्षणभर तरी चालू देऊ का? आणि हिशेब पाहा. १ कोटीच्या फ्लॅटवर दोन्हीकडून २ टक्के धरले तर एजंटाला ४ लाख मिळतात. त्याने मनापासून घासाघीस करून भाव ९५ लाखांवर आणला तर घेणाऱ्याचे ५ लाख वाचतात, पण एजंटाचे उत्पन्न २० हजारांनी घटते. शिवाय त्या ओढाताणीत व्यवहार मोडला तर ३ लाख ८० हजारही गेले. मग त्याचा सगळा जोर कशावर राहणार? आपल्याला परवडणाऱ्या भावावर, की व्यवहार लवकर उरकण्यावर? हा एजंटाच्या सचोटीवरचा आरोप नाही. सचोटीने वागणारे कितीतरी एजंट आहेत, आणि दोन अनोळखी कुटुंबांना एका टेबलावर आणणे हे कष्टाचे काम आहे. दोष रचनेचा आहे. घेणारा ज्याला पैसे देतो, त्याचे हित घेणाऱ्याच्या हिताच्या उलट दिशेला बांधलेले आहे. आपल्याकडे घर विकणाऱ्याची बाजू मांडणारा असतो, व्यवहाराची बाजू मांडणारा असतो. पैसे मोजूनही घर घेणाऱ्याची बाजू मांडणारा कोणी नसतो.

३. नव्या प्रकल्पात तर हे आणखी झाकलेले असते. तिथे एजंटाला ‘चॅनेल पार्टनर’ म्हणतात, आणि तो आपल्याला पहिल्याच फोनवर सांगतो, ‘साहेब, तुमच्याकडून एक रुपया ब्रोकरेज नाही.’ खरे आहे, आपण त्याच्या हातात काही ठेवत नाही. बिल्डर ठेवतो. पण बिल्डर ते कुठून देतो? जमीन, सिमेंट, जाहिरात, व्याज यांच्यासारखाच तोही प्रकल्पाचा खर्च आहे, आणि प्रकल्पाचा खर्च विक्रीच्या किमतीतून निघतो. ज्याला आपण फुकट समजतो, ते आपल्या गृहकर्जात मिसळलेले असते आणि त्यावर आपण वीस वर्षे व्याजही भरतो. त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. समजा, एका बिल्डरने ३ टक्के देऊ केले आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्याने ५ टक्के. १ कोटीच्या फ्लॅटवर एकीकडे ३ लाख, दुसरीकडे ५ लाख. चॅनेल पार्टनर आपल्याला आधी कुठे नेईल? कोणत्या प्रकल्पाचे भोगवटा प्रमाणपत्र अडकले आहे, कुठे पाण्याची अडचण आहे, हे तो कोणत्या इमारतीबद्दल बोलेल आणि कोणत्या इमारतीबद्दल टाळेल? आपण ज्याला सल्ला समजतो, तो सल्ला देणाऱ्याला त्या सल्ल्याचे किती पैसे मिळतात हे आपल्याला माहीत नसते. सेल्स ऑफिसात पाऊल ठेवताच आपला मोबाइल नंबर कोणत्या चॅनेल पार्टनरच्या नावावर ‘टॅग’ झाला आहे, हे बिल्डरच्या संगणकाला कळते. आपल्याला कळत नाही. एकदा टॅग झाला की नंतर आपण स्वतः जाऊन, स्वतः चौकशी करून घर घेतले तरी त्या नावावर कमिशन निघू शकते. काही एजंट स्वतःच्या कमिशनमधला हिस्सा गुपचूप ‘कॅशबॅक’ म्हणून आपल्याला देऊ करतात, आणि आपण खूश होतो. पण आपलेच पैसे आपल्याला परत देण्याइतकी जागा त्या किमतीत आधीपासून होती, याचाच तो पुरावा नाही का? ‘झिरो ब्रोकरेज’ असे जिथे लिहिलेले असते तिथे दलाली शून्य नसते, ती आपल्या नजरेआड केलेली असते.

४. कायदा नाही असे नाही. २०१६ चा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, ज्याला आपण रेरा म्हणतो, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकायला मदत करणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. कलम १० प्रमाणे त्याने हिशेबाची पुस्तके ठेवली पाहिजेत, दिशाभूल करणारी विधाने करता कामा नयेत आणि बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून दिली पाहिजेत. या दोन कलमांचा भंग केला तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, पुढे एक पाऊल टाकले. जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. मे २०२४ मध्ये प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली. हे धाडसाचे काम होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण या सर्व तरतुदींत एक गोष्ट शोधून पाहा: एजंट आणि घर घेणारा यांच्यातला लेखी करार. तो कुठेही सक्तीचा नाही. दलाली किती, कोणाकडून, कोणत्या टप्प्यावर, हे घेणाऱ्याला आधी सांगितलेच पाहिजे असा नियम कलम ९ मध्ये नाही आणि १० मध्येही नाही. बिल्डर आणि घेणारा यांच्यातल्या वादात सामोपचार घडवणाऱ्या मंचाची सोय कलम ३२ मध्ये आहे; त्या वाक्यात बिल्डर आहे, घेणारा आहे, एजंट नाही. एजंट परीक्षा पास झाला आहे की नाही हे आपल्याला आज कळू शकते. तो आपला आहे की नाही हे मात्र कळू शकत नाही.

५. आणि हा अपुरा का होईना, आधार तरी सर्वांना आहे का? नाही. रेराची एजंटाची व्याख्याच प्रकल्पातल्या घराच्या विक्रीपुरती आहे, आणि नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. रेरा येण्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारती त्यात येत नाहीत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे छोटे प्रकल्पही येत नाहीत. म्हणजे गिरगाव-दादरमधली जुनी सोसायटी, डोंबिवलीतली चाळीस वर्षांची इमारत, सदाशिव पेठेतला किंवा कोथरूडमधला जुना फ्लॅट, यांचा पुनर्विक्रीचा व्यवहार घडवणाऱ्याला ना नोंदणी लागते, ना परीक्षा. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब पहिले घर घेते ते बहुतेकदा असलेच असते, कारण नवे परवडत नाही. जिथे कागद जुने, भागपत्र हरवलेले, जमिनीचे अभिहस्तांतरण अडकलेले, पार्किंगचा वाद वर्षानुवर्षांचा, तिथेच जाणकार आणि जबाबदार मध्यस्थाची सर्वांत जास्त गरज. तिथेच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू शकणारा कोणीही आज एजंट आहे. सर्वांत कमी पैसे असलेल्या घेणाऱ्याला कायद्याने सर्वांत कमी संरक्षण दिले आहे.

६. ‘तोंडी ठरले तरी करार तो करारच’ असे काही जण म्हणतील. बरोबर. १८७२ चा भारतीय करार कायदा एजंटाची नेमणूक तोंडी किंवा नुसत्या वागणुकीतूनही होऊ शकते असे मानतो. पण म्हणूनच तर भांडणे होतात. वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ सांगते. काम पूर्ण कधी होते? टोकन दिल्यावर, इसार झाल्यावर, करारनामा नोंदवल्यावर, की ताबा मिळाल्यावर? बँकेने कर्ज नाकारले आणि व्यवहार फिसकटला तर दिलेली दलाली परत मिळते का? तीन एजंटांनी तेच घर दाखवले तर पैसे कोणाचे? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तोंडी बोलण्यात सापडत नाही, कारण बोलताना व्यवहार मोडेल असे कोणीच धरून चालत नाही. करार कायद्याची कलमे खरे तर आपल्या बाजूची आहेत. एजंटाने गैरवर्तन केले तर त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही, असे कलम २२० म्हणते. त्याने आपल्याला अंधारात ठेवून त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला तर त्यातला फायदा आपण मागू शकतो, असे कलम २१६ म्हणते. पण या हक्कांसाठी पहिली पायरी कोणती? तो माझा एजंट होता हे सिद्ध करणे. आणि तेच सिद्ध करायला आपल्याकडे कॉल लॉगखेरीज काही नसते. दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने दिलेले हक्क एका कागदाअभावी आपल्या हातून निसटतात.

७. हाच कागद एजंटालाही वाचवतो, हे एजंटांच्या संघटनांनी लक्षात घ्यावे. रविवारची सुट्टी सोडून, स्वतःचे पेट्रोल जाळून वीस-पंचवीस घरे दाखवायची आणि शेवटी घेणारा-विकणारा परस्पर भेटून त्याला वगळणार, हा अन्याय रोज घडतो. प्रामाणिक एजंट त्या वेळी कोणाकडे दाद मागतो? कोणाकडेही नाही, त्याच्याही हातात काही लिहिलेले नसते. ठरलेल्या मुदतीत, त्याने दाखवलेले घर घेतले तर त्याचा मोबदला द्यावाच लागेल, एवढे एक वाक्य सहीसकट असते तर? तोंडी व्यवहारात नुकसान होते ते सरळ माणसाचे, मग तो कुठल्याही बाजूला असो.

८. जगात हे बदलता येते का? अमेरिकेत नुकतेच बदलले आहे, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी गेल्या एक-दोन वर्षांत एजंटामार्फत घर घेतले असेल तर त्यांनी एजंटाशी कराराचा फॉर्म बहुधा भरलेला आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घर विकणाराच दोन्ही एजंटांचे कमिशन देई. एकूण ५ ते ६ टक्के, आणि त्यातला घेणाऱ्याच्या एजंटाचा वाटा किती हे विक्रीच्या सामायिक यादीत आधीच नोंदवलेले असे. घेणाऱ्याला वाटे, आपला एजंट फुकट आहे. आपल्या ‘झिरो ब्रोकरेज’सारखेच ते. मिसुरी राज्यातल्या घर विकणाऱ्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने एजंटांची राष्ट्रीय संघटना आणि मोठ्या कंपन्यांवर संगनमताचा ठपका ठेवला. नुकसानीची रक्कम सुमारे १८० कोटी डॉलर. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नियम बदलायचे कबूल केले. १७ ऑगस्ट २०२४ पासून ते लागू झाले. आता त्या सामायिक यादीत कमिशनचा देकार टाकता येत नाही. संघटनेच्या एजंटाला घर दाखवायला नेण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. त्यात मोबदल्याची रक्कम किंवा दर नेमका लिहावा लागतो; ‘विकणारा देईल ते’ असे मोघम चालत नाही. जे लिहिले त्याहून जास्त, कोणाकडूनही, घेता येत नाही. आणि कमिशन कायद्याने ठरलेले नसून ते बोलून ठरवता येते, हे वाक्य त्याच करारात ठळकपणे छापावे लागते. तिथले दर काही एका रात्रीत उतरले नाहीत, आणि नव्या पद्धतीत अडचणीही आहेत: हातात मोजके पैसे असलेल्या घेणाऱ्याला एजंटाचा खर्च आता वेगळा दिसतो आणि कधी स्वतःच सोसावा लागतो. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपल्याकडे तसली सामायिक यादीही नाही. पण पाय घराबाहेर पडण्याआधी कागदावर सही, आणि कागदावरच्या आकड्याबाहेर एक पैसाही नाही, ही दोन तत्त्वे घ्यायला समुद्र ओलांडावा लागत नाही. जे तिथल्या ज्यूरीला कळले ते आपल्या सरकारला न कळण्याजोगे अवघड नाही.

९. काहींना वाटते, सरकारने दर बांधून द्यावा. हरियाणाने ते केले आहे. २००८ साली प्रॉपर्टी डीलरांसाठी स्वतंत्र कायदा करून त्याच्या नियमांत १ टक्क्याची मर्यादा घातली: अर्धा टक्का घेणाऱ्याकडून, अर्धा विकणाऱ्याकडून. मला हा मार्ग पहिला वाटत नाही. कागद नसताना मर्यादा घातली तर मर्यादेवरची रक्कम रोखीत जाईल आणि आपण आणखी अंधारात जाऊ. शिवाय वसईतला वन रूम किचन आणि मलबार हिलवरचा फ्लॅट यांच्यामागचे काम सारखे नसते. आधी उघड करा, मग लोकच घासाघीस करतील. जो दर दिसतो त्यावर भांडता येते.

१०. मग नेमके हवे काय? त्यासाठी दूर जायला नको; आपल्याच राज्याचा एक कायदा वाचावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. आणि असा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरले जाईल. या एका वाक्याने काय केले ते पाहा. कागद करण्याची गरज भाडेकरूची राहिली नाही, घरमालकाची झाली. आणि आज महाराष्ट्रात भाड्याचा करार नोंदवणे हे प्रत्येक घरमालकाला माहीत असलेले काम आहे. हेच वाक्य एजंटासाठी लिहा. घर दाखवण्यापूर्वी एक पानी करार: एजंट कोणाच्या बाजूचा, दोन्हींचा असेल तर तसे स्पष्ट, मोबदला किती आणि कोणत्या टप्प्यावर, बिल्डरकडून किंवा समोरच्याकडून त्याला काय मिळणार, व्यवहार फिसकटला तर काय, करार किती दिवसांचा. करार मराठीत असावा आणि एका पानाहून मोठा नसावा, नाहीतर बिल्डरच्या बुकिंग फॉर्मसारखा तोही न वाचता सही करण्याचा कागद होईल. आणि तो केलेला नसेल तर दलालीबद्दल घर घेणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाईल. एवढे झाले की कागद मागत आपल्याला एजंटाच्या मागे धावावे लागणार नाही, एजंटच कागद घेऊन आपल्या दारात येईल. महाराष्ट्राने १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा करून बिल्डरला लेखी कराराशिवाय मोठी रक्कम उचलायला मनाई केली. पुढे रेराने ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. भाडेकरूला १९९९ साली कागद मिळाला. बिल्डर कागदावर आला, घरमालक कागदावर आला. एजंट अजून का आला नाही, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.

११. आपलीही एक जबाबदारी आहे आणि ती झटकता येणार नाही. ‘बिल नको, कॅश द्या, जीएसटी वाचेल’ हे ऐकून मान डोलावणारे आपणच असतो. नीट समजून घ्या. ज्या एजंटाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला जीएसटी आकारताच येत नाही. म्हणजे तो वाचवतो म्हणतो ते मुळात देणेच नसते. जो नोंदलेला आहे त्याने बिल द्यायलाच हवे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. आणि उद्या हेच घर विकायची वेळ आली, भांडवली नफ्याचा हिशेब मांडायचा झाला, तर घेताना दिलेली दलाली खर्चात धरण्यासाठी सनदी लेखापाल पहिल्यांदा पावतीच मागेल. मग तोपर्यंत काय करायचे? एजंटाला नाव, नोंदणी क्रमांक, दर आणि टप्पा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. पहिले घर पाहण्याआधी, आवडलेले घर पाहून झाल्यावर नव्हे, कारण तेव्हा आपले मन अडकलेले असते आणि घासाघीस संपलेली असते. नव्या प्रकल्पात सेल्स ऑफिसला सरळ विचारा: मी कोणाच्या नावावर टॅग आहे, त्याला किती देणार, आणि मी थेट आलो तर ती रक्कम किमतीतून वजा करणार का? उत्तर नकारार्थी आले तरी प्रश्न नोंदला जातो, आणि दहा जणांनी विचारला की अकराव्याला उत्तर बदलून मिळते. सोसायट्यांनीही आपल्या आवारात सदनिका दाखवायला येणाऱ्याकडून मालकाचे लेखी अधिकारपत्र मागायला काय हरकत आहे? भाजी घेऊन येणाऱ्याची नोंद गेटवरच्या वहीत होते. ज्याच्या हातात कोणाच्यातरी घराची किल्ली आहे, तो निनावी आत येतो.

१२. राहिला प्रश्न, हे करणार कोण. नोंदणीकृत प्रकल्पांतल्या एजंटांसाठी तर विधिमंडळाची वाट पाहण्याचीही गरज नाही. रेराच्या कलम ३७ खाली महारेराला बिल्डर, घेणारे आणि एजंट या तिघांनाही निर्देश देण्याचा अधिकार आहे आणि ते बंधनकारक असतात. एजंटांच्या परीक्षेची सक्ती महारेराने आदेश काढूनच आणली. एक पानी कराराचा नमुनाही तसाच आणता येईल, आणि तो जोडल्याशिवाय एजंटामार्फत झालेले बुकिंग नोंदवू नये असे बिल्डरला सांगता येईल. कलम ८४ खाली राज्य सरकार नियम करू शकते. जुन्या घरांच्या पुनर्विक्रीसाठी आणि भाड्याच्या दलालीसाठी मात्र रेराची चौकट पुरणार नाही. तिथे राज्याचा स्वतंत्र कायदा लागेल, किमान भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ च्या धर्तीवरची तरतूद लागेल, आणि ते काम विधानसभेचे आहे. गृहनिर्माण खाते आहे, ग्राहक पंचायतींसारख्या जुन्या आणि जागत्या ग्राहक संघटना आहेत, एजंटांच्या संघटना आहेत. या सर्वांना एकत्र बसवून तीन महिन्यांत मसुदा तयार होऊ शकतो. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला एक पत्र लिहा आणि एवढेच विचारा: घरभाड्यासाठी जो कागद सक्तीचा आहे, तो घरखरेदीच्या दलालीसाठी सक्तीचा करण्याचा प्रस्ताव तुम्ही मांडणार की नाही? उत्तर लेखी मागा.